आईने रिझर्व्ह बँकेचा मेसेज डिलीट केला

घोडबंदरचा_गणू | १३ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

मंडळी, विषय रिझर्व्ह बँकेचा आहे, पण सुरुवात गणपतीच्या वर्गणीपासून करावी लागेल.

आमची सोसायटी कासारवडवलीच्या पुढे, मेट्रोच्या खांबांच्या सावलीत. वर्गणी ५०१ रुपये. गेली चार वर्षं निम्मं पब्लिक मोबाइलवरूनच पैसे पाठवतं. यंदा रविवारी मी आणि खजिनदार पावतीपुस्तक घेऊन फिरलो, तर प्रत्येक दारात पाचशेची नोट हजर. तळमजल्यावरच्या काकांनी कपाटातून रबरबँड लावलेलं पुडकं काढलं आणि विचारलं, "तीन वर्षांची एकदम भरली तर चालेल का?" का, तर म्हणे मार्चनंतर पाचशेच्या नोटा बंद. खजिनदार म्हणाला, "काका, बाद होणाऱ्या नोटा देवाच्या गळ्यात मारताय होय?"

तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. मूळ गोष्ट अशी: २८ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने बँकांना एक परिपत्रक काढलं. एटीएममधून शंभर-दोनशेच्या नोटाही मिळायला हव्यात. ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के एटीएममध्ये आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यात शंभर किंवा दोनशेच्या नोटा असाव्यात. बस. पाचशे बंद करण्याचा त्यात एक शब्द नाही. सरकारच्या माहिती खात्याच्या (पीआयबी) फॅक्ट चेकनेही हा फॉरवर्ड खोटा असल्याचं सांगून झालंय. तरी काकांचं पुडकं बाहेर आलंच.

आता आई. वय ७४, नौपाड्यात एकटी राहते, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने व्हॉट्सअॅप चॅनल सुरू केला, तो मी तिच्या फोनवर लावून दिला. परवा गेलो तर चॅनल गायब. वर रिझर्व्ह बँकेच्या नावाने आलेला सावधगिरीचा एसएमएसही तिने डिलीट केलेला. का गं? तर म्हणाली, "बँकेच्या नावाने काहीही आलं तरी उघडायचं नाही. अमिताभ सांगतो ना टीव्हीवर, जानकार बनिए, सतर्क रहिए. झाले मी सतर्क."

म्हणजे रिझर्व्ह बँकेचं ऐकलं म्हणूनच आता ती रिझर्व्ह बँकेचं ऐकत नाही.

प्रश्न असा: एसएमएस, एक्स, यूट्यूब, व्हॉट्सअॅप, अमिताभ, सगळं करून झालं. मग खोटं तासाभरात पोचतं आणि खरं का पोचत नाही? तुमच्यापर्यंत रिझर्व्ह बँकेचं म्हणणं नेमकं कुठून येतं?

तिरकस | १३ ऑगस्ट, १०:५२

आईंना गव्हर्नर करा. धागा संपला.

चिंगी_कळवा | १३ ऑगस्ट, ११:०५

आमच्याकडे पाचशेचं नव्हतं, पण २०२३ मध्ये नोटेवरच्या चांदणीचं झालं होतं. नंबरात * असेल तर नोट खोटी म्हणे. मार्केटमधल्या कोथिंबीरवाल्याने माझ्यासमोर एका बाईंची नोट परत केली. जुलैअखेर रिझर्व्ह बँकेने खुलासा केला की छापताना खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेल्या नोटेवर ही चांदणी असते, २००६ पासून आहे, नोट अगदी खरी. मी तो खुलासा मोबाइलवर काढून त्याला दाखवला. त्याने मोबाइलकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही म्हणताय ना खरी आहे? मग द्या." आणि घेतली!

निवृत्त_कॅशियर | १४ ऑगस्ट, सकाळी ६:१५

गणू, तुझ्या मातोश्रींना नमस्कार सांग.

मी १९७९ ला बँकेत लागलो. तेव्हा रिझर्व्ह बँक लोकांशी बोलतच नसे, आणि तिने बोलावं असं कुणाला वाटतही नसे. वर्षातून दोनदा पतधोरण (व्याजदर, कर्जपुरवठ्याचं धोरण) यायचं, एक तेजीच्या हंगामाचं, एक मंदीच्या. परिपत्रकं टपालाने यायची. मॅनेजर वाचायचे, सही करून आमच्याकडे फिरवायचे, आम्ही न वाचता सही करायचो आणि फाइलला लावायचो. गिऱ्हाइकासाठी रिझर्व्ह बँकेचं एकच वाक्य होतं, नोटेवर छापलेलं: मैं धारक को अमुक रुपये अदा करने का वचन देता हूँ. त्या एका वाक्यावर सगळा कारभार चालू होता.

मग २०१६ ची नोटबंदी. त्या पन्नास दिवसांत जेवढी परिपत्रकं पाहिली तेवढी आधीच्या दहा वर्षांत पाहिली नव्हती. एक सांगतो. १९ डिसेंबरला नियम आला की पाच हजारांवर जुन्या नोटा आता एकदाच भरता येतील, आणि आधी का भरल्या नाहीत हे दोन अधिकाऱ्यांसमोर विचारून नोंदवून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर नऊवारीतल्या एक आजी. मी विचारलं, "आजी, आत्तापर्यंत का नाही भरल्या?" त्या म्हणाल्या, "अरे, तूच म्हणालास ना ३० डिसेंबरपर्यंत वेळ आहे, गर्दीत येऊ नका. म्हणून नाही आले." काय लिहू कागदावर? तसंच्या तसं लिहिलं. २१ तारखेला नियम मागे घेतला गेला. तो कागद बहुतेक अजून कुठल्यातरी खोक्यात असेल.

सांगायचा मुद्दा, आजींच्या लेखी रिझर्व्ह बँक म्हणजे मी होतो. परवापर्यंत मी त्यांना एक सांगितलं आणि आज दुसरं. पुढच्या वेळी मी खरं सांगितलं तरी त्यांनी का ऐकावं?

वाशीवाला | १४ ऑगस्ट, ९:३०

काका, वाचून अंगावर काटा आला.

माझा अनुभव हप्त्याचा. ६ जूनला बातमी: रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो) थेट अर्धा टक्का खाली, ५.५० वर. फेब्रुवारीपासून मिळून पूर्ण एक टक्का. चॅनलवाले पाटी नाचवत होते, "तुमचा हप्ता घटणार." चाळीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज साडेआठऐवजी साडेसातने असेल तर हप्त्यात महिन्याला अडीच हजारांचा फरक. बायकोने मनातल्या मनात मिक्सर घेऊनही टाकला.

जुलैचा हप्ता तेवढाच. ऑगस्टचाही तेवढाच. शाखेत गेलो (बँकेचं नाव लिहीत नाही). तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, "सर, तुमचं कर्ज २०१५ चं आहे. ते बेस रेटवर आहे, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या जुन्या पद्धतीच्या दरावर. रेपोशी जोडलेली कर्जं ऑक्टोबर २०१९ नंतरची." म्हणजे गेले सहा महिने टीव्हीवर जे चाललं होतं ते माझ्यासाठी नव्हतंच! फी भरून कर्ज बदलून घेतलं. आता मुदत कमी झालीय, हप्ता तोच. मिक्सर जुनाच.

गव्हर्नर सगळ्या देशाला एक आकडा सांगतात. तो माझ्यासाठी आहे की नाही, हे मला कुणी सांगायचं?

निवृत्त_कॅशियर | १४ ऑगस्ट, ९:५५

वाशीवाला, बँकेने सांगायचं. १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे. व्याज बदललं की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम झाला ते बँकेने कर्जदाराला कळवायचं. दर वाढत असेल तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराने निवडायचं. शिवाय तीन महिन्यांनी एक विवरण द्यायचं, त्यात किती हप्ते उरले तेही लिहायचं. तुझ्या ईमेलमध्ये शोध, जाहिरातींच्या ढिगाखाली असेल.

वाशीवाला | १४ ऑगस्ट, १०:२०

सापडलं. 'प्रमोशन्स'मध्ये. एका पिझ्झ्याच्या कूपनखाली. काका, तुम्ही ग्रेट आहात.

अर्थहीन | १४ ऑगस्ट, दुपारी १:१०

(नेरुळ. अर्थशास्त्रात एम.ए. चालू आहे, आयडीवर विनोद करून झालेत, नवीन असेल तर करा.)

निवृत्त_कॅशियर काका म्हणतात तसं न बोलणं ही फक्त आपली रीत नव्हती. सगळ्याच मध्यवर्ती बँका गूढ राहण्यात धन्यता मानायच्या. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह व्याजदर बदलला की त्याच दिवशी जाहीर करायला लागली ती थेट फेब्रुवारी १९९४ पासून. त्याआधी बाजारात काय हालचाल होते त्यावरून लोक अंदाज बांधायचे. अॅलन ग्रीनस्पॅन तर गमतीने म्हणायचे की मी फार स्पष्ट बोललोय असं वाटत असेल तर तुमचा ऐकण्यात घोटाळा झालाय.

मग हे बदललं का? कारण बोलणं हेच हत्यार आहे हे त्यांच्या लक्षात आलं. महागाई आठ टक्क्यांनी वाढणार असं सगळ्यांनाच वाटलं तर दुकानदार आधीच भाव चढवतो, कामगार तेवढी पगारवाढ मागतो, आणि महागाई खरोखर आठ टक्के होते. लोकांना 'चारच्या आसपास राहील' असं पटवता आलं तर निम्मं काम तिथेच होतं. २०१२ च्या जुलैमध्ये युरोपच्या मध्यवर्ती बँकेचे मारिओ द्रागी एवढंच म्हणाले की युरो वाचवण्यासाठी लागेल ते करू. त्या वाक्यावर इटली-स्पेनच्या कर्जरोख्यांचे व्याजदर उतरले, तिजोरीतून पैसा निघण्याच्या आधी.

आपल्याकडे २०१६ मध्ये कायदा बदलून सहा जणांची पतधोरण समिती आली. महागाईचं लक्ष्य ४ टक्के, दोन इकडे दोन तिकडे. कुणी काय मत दिलं त्याचं इतिवृत्त चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होतं. कागदावर पारदर्शकता उत्तम.

गोची अशी की ऐकणारे दोन आहेत. जूनचंच घ्या. एकाच भाषणात दर अर्धा टक्का कमी केला, आणि 'पवित्रा' मात्र उदारवरून तटस्थ केला, म्हणजे यापुढे फार अपेक्षा ठेवू नका. वाशीवाला पहिलं वाक्य ऐकून मिक्सर बघायला गेले. बाँडवाल्यांनी, म्हणजे कर्जरोख्यांचा व्यवहार करणाऱ्यांनी, दुसरं वाक्य ऐकलं. दोघांनाही एकाच माइकवरून सांगायचं म्हणजे कसरत आहे.

अवांतर: जमैकाच्या मध्यवर्ती बँकेने महागाई समजावायला रेगे गाण्यांचे व्हिडिओ काढले. गाण्यात बेसचा ठेका तसा अर्थव्यवस्थेत कमी आणि स्थिर महागाईचा, अशी कल्पना. जगभर गाजले.

तिरकस | १४ ऑगस्ट, १:१८

आपण लावणी करू. "रेपो उतरला बाई गं, हप्ता काही उतरेना."

सुगरण_ऐरोली | १४ ऑगस्ट, ३:४०

@अर्थहीन, परवा जुलैच्या महागाईचा आकडा आला. १.५५ टक्के. आठ वर्षांतला नीचांक म्हणे. बाळा, तू बाजारात गेला आहेस का कधी? गेल्या गणपतीत ३५ ला मिळालेला नारळ काल ऐरोलीत ६० ला सांगितला. खोबरेल तेलाचं तर नावच काढू नकोस. मोदक एकवीस करायचे की अकरा, यावर घरात चर्चा चालू आहे. असा आकडा सांगून लोकांचा विश्वास बसेल का?

अर्थहीन | १४ ऑगस्ट, ४:०५

ताई, नारळ भयंकर महागलाय, मान्य. पण १.५५ म्हणजे भाव उतरले असं नाही, वाढण्याचा वेग कमी झाला. आणि महागाई मोजायला वस्तूंची जी टोपली धरतात त्यात नारळ चिमूटभर आहे, भाज्या-डाळी जास्त. कांदा, बटाटा, तूरडाळ गेल्या वर्षीपेक्षा स्वस्त आहे, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

सुगरण_ऐरोली | १४ ऑगस्ट, ४:०९

मग कांद्याचे मोदक करू?

चिंगी_कळवा | १४ ऑगस्ट, ४:११

😂😂 ताईंनी विकेट काढली.

अर्थहीन | १४ ऑगस्ट, ४:३०

शरण. तरी एक सांगतो. ताईंचं म्हणणं रिझर्व्ह बँकेलाही माहीत आहे. ती स्वतःच शहराशहरांत घरोघरी विचारते की तुम्हाला महागाई किती वाटते, पुढे किती वाटेल. उत्तर नेहमी सरकारी आकड्यापेक्षा चढं येतं. रोज हातात येणारी वस्तू आपण आठवणीत धरतो. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी म्हणूनच असेल, आकडे बाजूला ठेवून हत्ती काढला होता. खोलीतला महागाईचा हत्ती फिरायला बाहेर पडलाय, जंगलाकडे परततोय असं वाटतंय, असं एप्रिल २०२४ च्या पतधोरणात म्हणाले होते. नंतर हत्तीचा घोडा झाला आणि तबेल्यात बांधला गेला.

तिरकस | १४ ऑगस्ट, ४:३३

हत्ती जंगलात, घोडा तबेल्यात, नारळ झाडावर.

मुदतठेव | १४ ऑगस्ट, रात्री ९:१५

सगळे हसताहेत म्हणून जरा वेगळं लिहिते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, पैसे काढणं अडलं. बाबांची पेन्शन त्यात. सकाळी शटरवर कागद चिकटवलेला, माणसं त्यावर तुटून पडलेली. कागदावर रिझर्व्ह बँकेच्या निवेदनातलं एक वाक्य होतं, असल्या प्रत्येक निवेदनात असतंच: हे निर्देश म्हणजे बँकेचा परवाना रद्द झाला असा अर्थ काढू नये.

लिहिणाऱ्याने धीर देण्यासाठीच लिहिलं असणार. पण तोपर्यंत परवाना रद्द होऊ शकतो हे बाबांच्या डोक्यातही नव्हतं. ते वाचून बाबा पायरीवरच बसले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "परवान्याचं नाव काढलंय म्हणजे बँक गेलीच." दहा मिनिटांत तेच वाक्य गर्दीत उलटं फिरायला लागलं.

मला त्या दिवशी हवं होतं ते एवढंच: आजोबा, इतक्या रकमेपर्यंत विमा आहे, तो अमुक दिवसांत मिळेल, या खिडकीवर या. आता तरी विमा पाच लाखांचा आहे (फेब्रुवारी २०२० पासून), आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आले की ९० दिवसांत ती रक्कम मिळायची सोय आहे. ही वाक्यं मी पाठ केलीत. कुणी विचारलं की सांगते.

निवृत्त_कॅशियर | १४ ऑगस्ट, ९:४०

ताई, ते वाक्य वकिलाने लिहिलेलं असतं, पायरीवर बसलेल्या माणसासाठी नसतं. वाईट वाटलं.

घोडबंदरचा_गणू | १४ ऑगस्ट, १०:१०

@मुदतठेव, बाबांचे पैसे मिळाले का शेवटी?

मुदतठेव | १४ ऑगस्ट, १०:२५

मिळाले. टप्प्याटप्प्याने. बाबा आता फक्त पोस्टात ठेवतात. पोस्टाची शटरं त्यांनी आजवर बंद पाहिलेली नाहीत म्हणे. रविवारी नेऊन दाखवायचा विचार आहे.

खारघर_टेकडी | १५ ऑगस्ट, सकाळी ११:००

झेंडावंदन करून आलो, आता माझी भर. माझ्या मामांना गव्हर्नरांचा व्हिडिओ आला होता. मागे झेंडा, टेबल, सगळं तसंच. अमुक योजनेत पैसे टाका, रिझर्व्ह बँकेची हमी. अर्थात डीपफेक, कॉम्प्युटरने बनवलेला खोटा चेहरा आणि आवाज. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः सांगितलं होतं की आमचे अधिकारी असला कुठलाही गुंतवणुकीचा सल्ला देत नाहीत, असे व्हिडिओ खोटे आहेत.

मामा वाचले कारण लिंक उघडेना. पण मला त्यांचं एक वाक्य लागलं. मी म्हटलं, अहो, तुम्हाला शंका कशी आली नाही? तर म्हणाले, "अरे, पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मला सगळं कळलं."

वाशीवाला | १५ ऑगस्ट, ११:२०

बाप रे. हे जबरी आहे.

ठाण्याचा_ठोकळा | १५ ऑगस्ट, ११:४५

मूळ दुखणं हेच. पतधोरणाचं निवेदन इंग्रजीत आणि हिंदीत. नोटेच्या मागच्या भाषांच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत, त्यात मराठी आहे. मुख्यालय मुंबईत. नोटेवर मराठी चालते, मग निवेदनात का नाही? व्यवहार मराठीत आणि धोरण...

कोपर_खैरणे_२२ | १५ ऑगस्ट, ११:५८

ठोकळाशेठ, प्रत्येक धाग्यावर हेच का? आणि मराठीत लिहिलं तरी 'पवित्रा तटस्थ केला' हे कुणाला कळलं? अर्थहीनने लिहिलं तेव्हा मला वाटलं कुस्तीचं काही चाललंय.

ठाण्याचा_ठोकळा | १५ ऑगस्ट, १२:०४

कुस्ती तरी मराठीत होती.

संपादक_मंडळ | १५ ऑगस्ट, १२:३०

भाषेचा वाद वेगळ्या धाग्यावर. चार प्रतिसाद उडवले आहेत.

दृष्टी_नाही_पण_नजर_आहे | १५ ऑगस्ट, दुपारी ४:००

मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. रिझर्व्ह बँकेची एक गोष्ट माझ्यापर्यंत नीट पोचली, तीही सांगतो. जानेवारी २०२० मध्ये तिने 'मणी' नावाचं अॅप काढलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेटही लागत नाही. २०१६ नंतरच्या नोटा आकाराने इतक्या जवळजवळच्या आहेत की बोटांनी फरक कळायला वेळ लागतो. रिक्षावाल्यासमोर फोन "पाँच सौ रुपये" असं मोठ्याने ओरडतो तेव्हा जरा लाज वाटते, पण सुटे बरोबर मिळतात. अॅपबद्दल मला कुठल्याही जाहिरातीतून कळलं नाही, मित्राने सांगितलं.

बेलापूरची_मावशी | १६ ऑगस्ट, रात्री ८:२०

दहीहंडीमुळे आज घराबाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून निवांत वाचलं सगळं.

बेलापूर स्टेशनसमोर रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आहे, ते इकडच्यांना माहीतच आहे. दोन हजारांच्या नोटा १९ मे २०२३ ला मागे घेतल्या, बँकांमधली मुदत ७ ऑक्टोबरला संपली, त्यानंतर देशभरातल्या रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांतच बदलून मिळायला लागल्या. त्यातलं एक हे. रोज सकाळी फाटकाबाहेर रांग. कोण रोह्याहून, कोण अलिबागहून.

माझा भाऊ पेणला असतो. वहिनी गेल्यानंतर पापडाचा डबा आवरताना तळाशी, वर्तमानपत्राच्या कागदाखाली चार नोटा सापडल्या. आठ हजार. तो त्या नोटा फेकणार होता, कुणीतरी सांगितलं आता कागद झाले. मी म्हटलं, ये इकडे. नोटा बंद झालेल्या नाहीत, मागे घेतल्यात, दोन्हीत फरक आहे. तो म्हणाला, "काय फरक?" मला सांगता येईना.

रांगेत उभे राहिलो. तिथे गार्ड होता, चाळिशीचा, साताऱ्याकडचा असावा बोलण्यावरून. तो रांगेच्या टोकापासून चालत यायचा आणि दर पाच माणसांमागे थांबून तेच सांगायचा: "एका वेळी वीस हजारांपर्यंत. आधारची झेरॉक्स. फॉर्म आत मिळेल, बाहेर विकत घेऊ नका. उन्हात उभं राहवत नसेल तर पोस्टाने पण पाठवता येतात, खात्यात जमा होतील. घाबरू नका, नोट खरी आहे, पैसे मिळणार." भावाने त्यालाही विचारलं, "मागे घेतल्या आणि बंद झाल्या यात फरक काय?" तो म्हणाला, "बंद झाल्या असत्या तर मी तुम्हाला हाकललं नसतं का?"

भावाला कळलं. नोटा बदलून मिळाल्या. एक शंभराची नवी नोट त्याने वहिनीच्या फोटोमागे ठेवलीय.

निवृत्त_कॅशियर | १६ ऑगस्ट, ८:४५

मावशी, त्या गार्डचं वाक्य मला चाळीस वर्षांत सुचलं नाही.

कोपर_खैरणे_२२ | १६ ऑगस्ट, ९:३०

सगळं ठीक, पण मध्यवर्ती बँक एक गार्ड किती रांगांना पुरवणार? व्यवस्था लागतेच. आणि व्यवस्था होतेय. बँकेचे कामाचे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून, जाहिरातीचे १४० वरून. बँकांच्या वेबसाइटींना 'डॉट बँक डॉट इन'वर जायला ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती, म्हणजे पत्ता बघूनच खरी कुठली ते कळेल. बँकेची तक्रार १४४४८ वर, फसवणूक झाली तर १९३०. गणूच्या आईंच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे: मेसेज कोणता खरा ते ओळखायची खूण द्या.

तिरकस | १६ ऑगस्ट, ९:३४

१४०, १६००, १९३०, १४४४०, १४४४८. लहानपणी पावकी-निमकी पाठ केली नाही त्याची ही शिक्षा.

सुगरण_ऐरोली | १६ ऑगस्ट, ९:५०

@कोपर_खैरणे_२२, खूण बरोबर आहे हो. पण खूण सांगणारा मेसेजही त्याच फोनवर येणार ना? तो खरा कशावरून?

कोपर_खैरणे_२२ | १६ ऑगस्ट, १०:१५

हम्म. यावर विचार करतो.

घोडबंदरचा_गणू | १८ ऑगस्ट, दुपारी २:३०

बाहेर धो धो पाऊस, घरून काम चालू आहे, म्हणून वृत्तांत देतो.

एक: सोसायटीच्या लिफ्टमध्ये कागद लावला. सहा ओळी, हाताने लिहिलेल्या, मराठीत. "पाचशेची नोट बंद होणार नाही. एटीएममध्ये शंभर-दोनशेच्या नोटाही ठेवा, एवढंच रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. शंका असेल तर ४०३ मध्ये विचारा." खाली माझी आणि खजिनदाराची सही. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रत शेजारी लावली होती, ती कुणी वाचताना दिसलं नाही. ४०३ ची बेल मात्र दोन दिवसांत अकरा वेळा वाजली. दोघांनी पाचशेबद्दल विचारलं. बाकीच्यांनी गृहकर्ज, जुनं लॉकर, एका सासूबाईंची विसरलेली मुदतठेव (त्यांना 'उद्गम' पोर्टल दाखवलं, बेवारस ठेवी शोधायचं), आणि एकाने पार्किंगबद्दल.

तळमजल्यावरच्या काकांनी तीन वर्षांपैकी दोन वर्षांची वर्गणी परत मागितली. खजिनदार म्हणाला, पावती फाडलीय.

दोन: आई. तिला मावशींच्या गार्डची गोष्ट वाचून दाखवली. खूश झाली. म्हणाली, "असा माणूस फोनवर मिळतो का?" मी म्हटलं, जाहिरातीत १४४४० म्हणून नंबर देतात, त्यावर मिस्ड कॉल दे, तेच उलट फोन करून माहिती सांगतात. तिने चष्मा लावून स्वतः नंबर फिरवला. दिला मिस्ड कॉल. थोड्या वेळाने फोन वाजला.

तिने कट केला. अनोळखी नंबर.

बेलापूरची_मावशी | १८ ऑगस्ट, २:५०

आईंना घेऊन या एकदा बेलापूरला, पाऊस थांबला की. गार्ड बदलला असला तर आपण तिघं मिळून नव्याला शिकवू.

तिरकस | १८ ऑगस्ट, २:५५

नारळाचं काय ठरलं ते कुणीच सांगितलं नाही.

सुगरण_ऐरोली | १८ ऑगस्ट, ३:१०

अकरा मोदक उकडीचे, बाकी तळणीचे, त्यात सुकं खोबरं निम्मं आणि खसखस जास्त. रिझर्व्ह बँकेला कळवा.